पाहण्याची विद्या

आपल्या वसंत व्याख्यानमालांच्या मुळाशी एक जुनी श्रद्धा आहे. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला दिलेले आहे. आणि ज्याने नीट ऐकले त्याच्या पदरी काही ना काही पडतेच, या विश्वासावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी सतरंज्या अंथरल्या जातात. ऐकण्याविषयी आपण इतके निःशंक आहोत. पाहण्याविषयी मात्र तसे नाही. घरातला मुलगा तासभर बॅडमिंटनचा सामना पाहत बसला की वडील म्हणतात, "नुसतं पाहून काय होणार? खेळायचं असेल तर मैदानावर जा." मुलगा म्हणतो, "पाहिल्याशिवाय कळणार कसं, बाबा?" हा संवाद बुलढाण्यात होतो, चिखलीत होतो, खामगावात आणि मेहकरातही होतो, आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचे ऐकून घेत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असे सांगून मोकळे होणे सोपे आहे, पण तेवढ्याने आमचे समाधान होत नाही. कोणी पाहिले, कोठून पाहिले, नेमके काय पाहिले, आणि पाहिल्यावर त्याच संध्याकाळी त्याच्या हातात रॅकेट पडली की नाही, या चार गोष्टींवर त्या वादाचा निकाल अवलंबून आहे. त्या समजून घ्यायच्या तर दीडशे वर्षे मागे गेले पाहिजे.

योगायोग पाहा. ज्या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच पुण्याच्या लष्करात त्याच दशकात बॅडमिंटनचे नियम बांधले जात होते. शटलकॉक, ज्याला आपल्याकडची मुले सरळ 'फूल' म्हणतात, ते रॅकेटने उडवीत ठेवण्याचा खेळ युरोपात आणि आशियात फार जुना. पण मध्ये जाळी बांधून, हद्द आखून, गुण मोजून खेळण्याची रीत हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी पाडली, आणि काही काळ या खेळाला 'पूना' याच नावाने ओळखीत. निवृत्त होऊन मायदेशी गेलेल्या अधिकाऱ्यांनी तो इंग्लंडात नेला. तेथे १८८७ पर्यंत पुण्याच्याच नियमांनी तो खेळला जात असे. १८९३ मध्ये इंग्लंडच्या बॅडमिंटन संघटनेने आपले नियम छापले आणि १८९९ पासून 'ऑल इंग्लंड' स्पर्धा सुरू झाली. नाव मात्र राहिले ते ग्लॉस्टरशायरमधल्या बोफर्टच्या ड्यूकाच्या वाड्याचे. आपल्या गावाचे नाव असे परस्पर पुसले गेले तरी पुणेकरांनी त्याबद्दल फारशी तक्रार केलेली दिसत नाही. एरवी ते असे काही सोडून देणाऱ्यांतले नव्हेत!

त्या काळी आमचा जिल्हा कोठे होता? १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. भिल्लांचे ठाणे ते भिलठाणा आणि त्याचेच पुढे बुलढाणा झाले असे सांगतात. अजिंठ्याच्या डोंगरावरची थंड हवा साहेबांना मानवली आणि जिल्ह्याची कचेरी येथे आली. घाटाखालून मुंबई-नागपूर रेल्वे गेली. ती १८६७ साली नागपूरला पोचली, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे लोखंडी रुळांवर आली. खामगावच्या कापसासाठी जलंबहून निराळा फाटा काढला गेला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने खामगावला आले. कापसाला व्हाइसरॉय मिळाला. जिल्ह्याच्या मुख्य गावाला मात्र आजही रेल्वे नाही. मलकापूरला उतरायचे आणि राजूरचा घाट चढायचा. खेळाच्या इतिहासात रेल्वे कशाला, असे कोणी विचारील. पण मुंबई, पुणे किंवा नागपूर येथे चांगला सामना असेल, तर तो पाहण्याची किंमत आमच्याकडच्या माणसाला या घाटापासून मोजावी लागे. पाहणे फुकट असते असे ज्यांना वाटते, ते बहुधा रेल्वे स्टेशनाजवळ राहणारे असावेत.

आणि घाट उतरूनही सर्वांना पाहायला मिळे असे नाही. जिमखाना हा शब्द आपल्या 'गेंदखान्या'वरून आला असे कोशकार मानतात. पण साहेबांच्या क्लबात हिंदी माणसाला सभासद म्हणून पाऊल टाकता येत नसे. तेथे त्याला प्रवेश होता तो माळी म्हणून, खानसामा म्हणून, आणि चेंडू उचलणारा पोरगा म्हणून. या तिसऱ्या प्रवेशद्वाराचा इतिहास कोणी फारसा लिहिलेला नाही. आमच्या मते पाहून शिकण्याचा खरा इतिहास तेथूनच सुरू होतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्या जिल्ह्यातले नाही, महाराष्ट्रातलेही नाही. परंतु त्याची पहिली मोठी कमाई मुंबईत झाली, म्हणून ते येथे सविस्तर सांगितले पाहिजे. पेशावरजवळच्या नवाकिल्ली गावचा हाशिम खान. त्याचा बाप पेशावरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकर होता. बाप अपघातात गेला तेव्हा मुलगा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा होता. शाळा सुटली, आणि तो त्याच क्लबात स्क्वॉशची कोर्टे झाडण्याच्या आणि चेंडू आणून देण्याच्या कामाला लागला. तिकडची कोर्टे बिनछपराची होती. साहेबाचा फटका चुकला की चेंडू भिंतीबाहेर जाई, आणि तो पळत जाऊन आणणे हे या मुलाचे काम. म्हणजे खेळाकडे डोळे लावून बसणे हा त्याच्या चाकरीचाच भाग होता. कोणता फटका कोठे जाणार हे ज्याला आधी कळेल, त्याचे पळणे वाचेल! साहेब लोक जेवायला किंवा उन्हात विश्रांतीला गेले की कोर्ट मोकळे पडे. मग अनवाणी पायांनी, साहेबांनी टाकून दिलेल्या फुटक्या चेंडूंनी तो एकटाच खेळे. पुरेसा चांगला जोडीदार मिळाला नाही की हाशिम विरुद्ध हाशिम.

१९४४ साली मुंबईत झालेल्या अखिल हिंदुस्थान स्क्वॉश स्पर्धेत हा माणूस विजयी झाला, आणि पुढची दोन वर्षेही त्याने ते पद राखले. फाळणी झाली. त्याचा दूरचा नातलग अब्दुल बारी मुंबईतच राहिला. तो १९५० साली इंग्लंडात जाऊन ब्रिटिश ओपनचा उपविजेता झाला. ज्याला आपण मुंबईत हरवले होते, तो जगात दुसरा आला, हे ऐकून हाशिमने पाकिस्तानात मदतीसाठी खटपट केली, आणि १९५१ साली त्याच स्पर्धेत इजिप्तच्या महमूद करीमला त्याने ९-५, ९-०, ९-० असे हरवले. त्या वेळी त्याचे वय पस्तिशीच्या पुढे गेलेले होते. एकंदर सात वेळा त्याने ती स्पर्धा जिंकली. २०१४ साली अमेरिकेत तो वारला.

या कथेतून लोक बहुधा गरिबीवर मात वगैरे बोध काढतात. तो काढणाऱ्यांना आमची हरकत नाही. आम्हांला तीत दुसरेच काही दिसते. हाशिमच्या पाहण्याला दोन गोष्टींची जोड होती. एक, तो कोर्टाच्या इतका जवळ होता की खेळाडूचा श्वाससुद्धा त्याला ऐकू येत असेल. दुसरी, पाहणे आणि करून पाहणे यांत एका जेवणाच्या वेळेपेक्षा जास्त अंतर पडत नसे. सकाळी साहेबाने मारलेला फटका दुपारी त्याच्या मनगटात उतरत होता, किंवा उतरत नव्हता. आणि उतरला नाही तर संध्याकाळी साहेब पुन्हा तोच फटका मारून दाखवायला हजर असे. आपल्या कुस्तीच्या तालमीत यापेक्षा वेगळे काय चालते? नवा पोरगा आधी हौद्याच्या कडेला बसतो, डाव पाहतो, मग मातीत उतरून खाली पडतो, उठून पुन्हा कडेला बसतो. कडेला बसणे हा तेथे रिकामपणा मानीत नाहीत, ती व्यायामाचीच एक पायरी असते.

क्लबांच्या भिंती पुढे सैल झाल्या. हिंदी लोकांचे जिमखाने निघाले, आणि पांढरपेशा वर्गाने रॅकेट हातात घेतली. पुण्यात क्रिकेटपटू प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन मुलींनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटनवर आपली सत्ता गाजवली. एका घरात तीन विजेत्या होणे हा केवळ रक्ताचा गुण असेल असे आम्हांस वाटत नाही. घरात दोन बहिणी खेळत असल्या म्हणजे तिसरीला रोज सामना पाहायला मिळतो, आणि तोही पुढच्या तासाला जिच्याशी खेळायचे तिचाच. पाहण्याची अशी सोय पैसे देऊनही मिळत नाही.

परस्परांचा खेळ अतोनात पाहिल्याचा एक विलक्षण परिणाम १९४७ च्या ऑल इंग्लंड स्पर्धेत दिसला. प्रकाश नाथ आणि देविंदर मोहन हे लाहोरचे दोघे मित्र आणि एकमेकांचे जुने प्रतिस्पर्धी. उपउपांत्य फेरीत त्यांची गाठ आपसांतच पडली. एकमेकांचा खेळ पुरता ठाऊक असलेल्या दोघांनी तेथे खेळून दमण्यापेक्षा नाणे उडवून निकाल लावला! कौल प्रकाश नाथांना मिळाला, ते अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि स्वीडनच्या कॉनी जेप्सेनकडून हरले. त्या दिवशी सकाळी वृत्तपत्रात लाहोरच्या दंगलीची बातमी त्यांनी वाचली होती असे सांगतात. ज्या गावात खेळ शिकले, तेच जळत असताना फुलावर नजर ठरणे कठीणच.

मग आले नंदू नाटेकर. सांगलीस १९३३ साली जन्म. पहिले प्रेम टेनिसवर. कनिष्ठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. १९५४ साली ऑल इंग्लंडची उपउपांत्य फेरी, १९५६ साली मलायात सेलांगोर स्पर्धेचे विजेतेपद. परदेशात आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनमधला पहिला मान त्यांचाच. २०२१ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या खेळाचे वर्णन करताना जुने जाणकार बळापेक्षा हाताच्या नजाकतीविषयी बोलतात: फूल अगदी शेवटच्या क्षणापर्यंत रॅकेटवर थांबवून धरल्यासारखे करायचे आणि समोरचा हलला की उलट्या बाजूला सोडायचे. असा खेळाडू पाहणाऱ्याला खूप काही शिकवू शकतो, पण ते प्रेक्षकांच्या गर्दीत लांब बसून दिसत नाही. दुरून दिसते ते एवढेच की समोरचा माणूस उगाच चुकीच्या दिशेला धावला. तो का धावला, हे कोर्टाच्या कडेला बसलेल्यालाच कळते.

यानंतरच्या पिढीचा नायक प्रकाश पदुकोण. त्यांचे वडील रमेश पदुकोण हे म्हैसूर बॅडमिंटन संघटनेच्या संस्थापकांपैकी. बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातील कॅनरा युनियनच्या सभागृहात मुलगा खेळायला शिकला. ते सभागृह लग्नकार्यासाठी भाड्याने जात असे. लग्नसराई आली की जाळी गुंडाळायची आणि खेळ बंद. अशा हॉलमधून निघालेला हा मुलगा १९७० च्या दशकात सलग नऊ वर्षे राष्ट्रीय विजेता राहिला, आणि १९८० च्या मार्च महिन्यात लंडनच्या वेम्बली येथे इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असे हरवून ऑल इंग्लंडचा विजेता झाला. किंग त्याआधीची दोन वर्षे तेथे अजिंक्य होता आणि त्याचा स्मॅश सर्वांना धडकी भरवणारा होता. प्रकाशने वेगाला वेगाने उत्तर दिलेच नाही. फूल जाळीजवळ ठेवीत, कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवीत त्याने किंगला स्मॅशची उसंत मिळू दिली नाही.

हा सामना वऱ्हाडात कोणी पाहिला? मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र १९७२ साली सुरू झाले होते, पण त्याचे प्रक्षेपण वऱ्हाडापर्यंत पोचत नव्हते. आमच्याकडच्या खेळाडूंना १५-३, १५-१० हे आकडे वृत्तपत्रात वाचायला मिळाले. आकड्यांवरून अभिमान वाटतो, स्फूर्तीही येते. पण मनगट कसे वळले ते कळत नाही. क्रिकेटचे धावते वर्णन रेडिओवर ऐकून आपल्याकडच्या पिढ्यांनी सामना डोळ्यांपुढे उभा केला, कारण दोन चेंडूंच्या मध्ये बोलायला वेळ असतो. बॅडमिंटनमध्ये निवेदकाचे एक वाक्य पुरे होईपर्यंत फूल जाळीवरून पाच-सहा वेळा जाऊन येते. हा खेळ कानांनी शिकण्याचा नव्हेच.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि १९८४ पासून लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे देशभर झपाट्याने उभी राहिली. पुढे केबल आली, आणि आता तर प्रत्येक खिशात पडदा आहे. घाटाची अडचण संपली. कोपनहेगनला, क्वालालंपूरला चाललेला सामना मोताळ्याच्या मुलाला त्याच क्षणी दिसतो. पेशावरच्या चेंडू उचलणाऱ्या मुलाला जे मिळाले, ते आता सर्वांना मिळाले असे कोणाला वाटेल. तसे झालेले नाही, आणि त्याचे पहिले कारण कॅमेरा कोठे ठेवतात हे आहे. तो बहुधा कोर्टाच्या मागे, बराच उंचावर असतो. तेथून संपूर्ण कोर्ट दिसते, पण १३.४० मीटर लांबीचे ते कोर्ट पडद्यावर दबून आखूड होते. मागच्या रेषेपासून जाळीपर्यंतची धाव दोन पावलांची वाटते. फुलाचा वेग तर मुळीच कळत नाही. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची नोंद २०२३ साली ताशी ५६५ किलोमीटर अशी झाली. पडद्यावर तो स्मॅश सुबक दिसतो, भीतिदायक दिसत नाही. आणि सर्वांत मोठा तोटा म्हणजे कॅमेरा प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांनी पाहत नाही. खेळाडूला कोर्टावर जे दिसते, ते प्रेक्षकाला क्वचितच दिसते.

प्रतिस्पर्ध्याला काय दिसते, याचा शास्त्रीय छडा लावण्याचा एक सुंदर प्रयत्न १९८७ साली प्रसिद्ध झाला. ब्रूस ॲबरनेथी आणि रसेल या संशोधकांनी एक युक्ती केली. समोरच्या खेळाडूच्या जागेवरून बॅडमिंटनच्या फटक्यांचे चित्रीकरण केले आणि ते निरनिराळ्या क्षणी मध्येच तोडले. कधी फुलाला रॅकेट लागण्याच्या बरेच आधी, कधी नुकतीच लागल्यावर. पाहणाऱ्याने सांगायचे की फूल कोठे पडणार. मुरलेल्या खेळाडूंचे अंदाज अर्थातच सरस ठरले. पण खरी गंमत पुढे आहे. रॅकेट लागण्यापूर्वीच्या सेकंदाच्या सहाव्या ते बाराव्या हिश्श्यात मुरलेल्या खेळाडूला जे कळत होते ते नवशिक्याला कळत नव्हते. चित्रातला हात झाकला, कधी रॅकेट झाकली. तेव्हा दिसून आले की नवशिका केवळ रॅकेटवरून अंदाज बांधतो, जाणता मात्र रॅकेटच्या आधी हलणाऱ्या दंडावरून आणि हातावरूनही बांधतो. डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा दोघांचीही नजर जवळजवळ त्याच त्या ठिकाणी फिरत होती. नजर तीच, दिसणे वेगळे. आपल्या गवयांना हे नवे वाटणार नाही. एकाच मैफलीत बसलेल्या दोघांपैकी एकाला तान ऐकू येते आणि दुसऱ्याला ती कोणत्या स्वरावरून उठणार हे आधीच कळलेले असते.

म्हणजे मुलाचा पक्ष बळकट झाला! पाहण्यात खरोखरच विद्या आहे, आणि ती सरावाने वाढते. परंतु वडिलांच्या बाजूनेही एक साक्षीदार उभा आहे. २०१८ साली अमेरिकेत कार्डास आणि ओब्रायन या दोघांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. निशाणावर छोटे बाण फेकण्याचे एकच चित्रण काहींना एकदा आणि काहींना वीस वेळा दाखवले, मग प्रत्यक्ष बाण फेकायला लावले. वीस वेळा पाहिलेल्यांना आपण चांगले फेकू असा भरवसा वाटू लागला होता. बाण मात्र एकदा पाहिलेल्यांपेक्षा चांगले लागले नाहीत. हवेत दांडके उडवून झेलण्याच्या कसरतीचे चित्रण दाखवले, तेव्हा ज्यांना नंतर ती दांडकी क्षणभर हातात धरायला दिली, त्यांचा फुगलेला आत्मविश्वास बराच खाली आला. उडवायची नव्हती, नुसती धरायची होती! वजन हाताला लागले आणि डोळ्यांचा गर्व उतरला.

हे दोन प्रयोग परस्परविरोधी नाहीत. पहिल्यातल्या मुरलेल्या खेळाडूंचे डोळे कोर्टावर घडलेले होते. स्वतः शेकडो वेळा तो फटका मारलेला असल्यामुळे दुसऱ्याच्या दंडाची हालचाल त्यांना वाचता येत होती. दुसऱ्या प्रयोगात पाहणे कोरडे होते, हाताशी त्याचा संबंध आला नव्हता. हाशिम खानच्या सकाळ आणि दुपार यांच्यातले अंतर येथे पुन्हा आठवते. मुलाने सामना पाहावा की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पाहिल्यानंतर किती वेळाने त्याच्या हातात रॅकेट येते, हे विचारले पाहिजे.

कसे पाहावे, यावरही दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. बहुतेक प्रेक्षक फुलाच्या मागे नजर नाचवतात. त्याने मान दुखते, विद्या येत नाही. एका डावापुरता एकच खेळाडू धरावा आणि फूल त्याच्या बाजूला नसतानाही त्याच्यावरची नजर काढू नये. फटका मारून झाल्यावर तो कोठे परततो, समोरच्याची रॅकेट फुलाला लागण्याच्या क्षणी तो दोन्ही पायांवर हलकी उडी घेऊन तयार होतो की नाही, मागे जाताना किती पावले टाकतो, हे पाहावे. फुलाला रॅकेट लागण्याआधी मनात म्हणावे, 'आता जाळीजवळ' किंवा 'आता मागे', आणि आपला अंदाज किती वेळा फसला ते मोजावे. फसलेले अंदाजच मोलाचे. बरोबर आलेला अंदाज नवे काही शिकवीत नाही. नाटेकरांसारख्या खेळाडूच्या बाबतीत तर ते फसण्यासाठीच असतात. आणि निवेदकाचा आवाज बंद ठेवावा. तो सामन्याची रंगत वाढवतो, पण काय पाहायचे हेही तोच ठरवतो.

स्फूर्तीसाठी पाहणे हा निराळा विषय आहे, आणि त्याचा अधिक्षेप करण्याची आमची इच्छा नाही. २००१ साली पुल्लेला गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड जिंकले आणि त्याने भारून जाऊन एक आठ वर्षांची मुलगी बॅडमिंटनकडे वळली, तीच पी. व्ही. सिंधू, २०१६ च्या ऑलिंपिकमधली रौप्यपदकाची मानकरी आणि २०१९ ची जगज्जेती. १५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारताने इंडोनेशियाला ३-० ने हरवून थॉमस चषक प्रथमच जिंकला, त्यात मुंबईचा चिराग शेट्टी दुहेरीत सात्त्विकच्या जोडीला होता. त्याच वर्षी जानेवारीत नागपूरच्या मालविका बनसोडने दिल्लीतील इंडिया ओपन स्पर्धेत सायना नेहवालला २१-१७, २१-९ असे हरवले. जिला लहानपणापासून पडद्यावर पाहिले, तिच्यासमोर उभे राहून ते फटके ओळखता येणे ही विदर्भाच्या मुलीची मोठीच कमाई म्हटली पाहिजे. नागपूर आमच्यापासून दूर असले तरी मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि उन्हाळा दोन्हीकडे सारखाच आहे!

आमच्या जिल्ह्यापुरते म्हणाल तर पडद्याची उणीव आता राहिलेली नाही; उणीव आहे ती पडद्यावरचे करून पाहण्याच्या जागेची. अंगणात किंवा शाळेच्या पटांगणात जाळी बांधली तरी वाऱ्यात पिसांचे फूल टिकत नाही आणि ते महागही असते, म्हणून मुले नायलॉनचे घेतात. पिसांचे फूल वेगाने निघून झटकन मंदावते आणि शेवटी जवळजवळ सरळ खाली येते. नायलॉनचे तसे वागत नाही. सामन्यात पाहिलेला ड्रॉप नायलॉनच्या फुलाने मारला की तो जाळीपलीकडे लांब जाऊन पडतो, आणि मुलाला वाटते आपलेच मनगट चुकले. मनगट चुकलेलेच असेल असे नाही. त्याने एक वस्तू पाहिली आणि दुसरी हातात धरली. यावर उपाय म्हणजे छप्पर, आणि छपरासाठी दरवेळी नव्या क्रीडा संकुलाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, कोणत्याही गावी मंगल कार्यालये आहेत आणि तिथी नसलेले पुष्कळ दिवस ती कुलूपबंद असतात. छत ठेंगणे असल्यामुळे तेथे उंच टोले मारता येणार नाहीत. पण जाळीजवळचा खेळ, ड्रॉप, सपाट फटके, पायांची पावले हे सारे तेथे बसते. प्रत्येक तालुक्याच्या गावी अशा एका तरी कार्यालयाच्या मालकाशी नगरपालिकेने किंवा एखाद्या क्रीडा मंडळाने बोलणी करावी. दर दिवसाचे भाडे, दिव्याचे पैसे आणि चुन्याऐवजी चिकटपट्टीने आखलेल्या रेषा, एवढ्यावर काम भागेल. तुळशीचे लग्न लागेपर्यंत तर तिथींची अडचणही नाही. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करता येईल.